दामोदरपंत खिडकीशी

— अगं बस, बस, उठू नकोस! बाक चांगला लांब आहे, तू त्या टोकाला, मी या टोकाला, दीड मीटर काय, दोनसुद्धा होतील. फोनवर 'बाबा, ठेवते हं' म्हणालीस ना, तेव्हाच माझे कान टवकारले — म्हटलं, हॉलंडातल्या या नीउ-व्हेनेपमध्ये भरदुपारी मराठी! आम्ही आलो तेव्हा महिनोन् महिने घराबाहेर मराठी कानावर पडत नसे. आता काय, पलीकडच्या नव्या घरांत तुम्ही कॉम्प्युटरवालीच सगळी. तूही? वाटलंच. घरून काम, आणि जेवणाच्या सुट्टीत एक चक्कर. नाव काय म्हणालीस — प्रांजली? छान. मी वृंदा. ही काउबॉयची टोपी होय? हस, हस, सगळेच हसतात. सायकलवरची पोरं तर जाता जाता सलाम ठोकतात मला — अशी दोन बोटं, टोपीच्या काठाला. बघ, तूही केलंस! कुठं शिकलीस? नाही ना सांगता येत? कुणालाच येत नाही. आमची नात इरावती द हेगला असते, व्हिडिओ कॉल संपवताना अस्संच करते. विचारलं तर म्हणते, सगळेच करतात, आजी. तेही डचमध्ये म्हणते. अगं, सगळे करतात हे खरं, पण पहिल्यांदा केलं ते दामोदरपंतांनी.

कोण म्हणजे? घोड्यावरचे दामोदरपंत! टीव्हीवरचे. तू कुठली बघणार, तुझी आईसुद्धा तेव्हा परकरात असेल. मी लग्न होऊन अ‍ॅमस्टेलव्हीनला आले त्र्याहत्तर साली. शाळा मराठी, इंग्रजी कच्चं, डच तर शून्य — आणि दर शनिवारी संध्याकाळी ही अमेरिकन मालिका. बोलणं इंग्रजीत, खाली अक्षरं डच, मला दोन्ही सारखंच. मग आमचे हे — शशिकांत — सगळं मराठीत करून सांगायचे. नायकाचं खरं नाव माझ्या जिभेवर बसेना. ह्यांचे एक मामा होते सांगलीला, दामोदरपंत, तसाच करारी जबडा, तसंच मोजकं बोलणं. झालं, त्याच दिवशी अमेरिकेतल्या त्या घोडेस्वाराचं आम्ही बारसं करून टाकलं. दर शनिवारी गोष्ट एकच, बरं का. कुणाचं तरी काहीतरी हरवायचं — गाय, मुलगा, बायको, काहीही — तो माणूस रडत पंतांकडे यायचा. पंत ऐकून घ्यायचे, एक शब्द बोलायचे नाहीत, धुळीसाठी रुमाल नाकावर ओढायचा आणि चालले. शेवटी हरवलेलं माणूस फाटकाशी आणून सोडायचं, नुसतं बोट करायचं — हे घे तुझं माणूस — टोपीला दोन बोटं लावायची, आणि जायचं. वळून बघायचं नाही. घरातली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली की नाही, तेसुद्धा बघायचं नाही! मी म्हणायची, अहो, थांबू दे ना त्याला जरा, चहा तरी घेऊ दे. हे हसायचे. आम्ही सोफ्याच्या दोन टोकांना बसायचो गं, नवी नवरी ना मी — तेव्हाही दीड मीटरच होतं आमच्यात.

आत्ता? आत्ता हे इथं. या समोरच्या वृद्धाश्रमात, तळमजला, डावीकडून तिसरी खिडकी, निळा पडदा दिसतो ना, ती. तीन वर्षं झाली. विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग डच — चाळीस वर्षं ज्या भाषेत पगार मिळवला ती भाषा सांडून गेली बघ, राहिली ती मराठी, आणि इथं मराठी कुणाला कळणार? एक नर्स आहे, संध्या म्हणून, सुरीनामची, तिचे पणजोबा बिहारकडचे, ती आपलं तिच्या हिंदीत धकवून नेते. पण गंमत सांगते. आतले सगळे म्हातारे-म्हाताऱ्या ह्यांच्याच वयाचे, पक्के डच, आणि मालिका सगळ्यांनी पाहिलेली. संध्याला कुणीतरी ती शीळ शिकवली — सुरुवातीची, घोडा लांबून येतो तेव्हाची. ती शीळ वाजवली की ज्या बाईला पोटचा मुलगा ओळखू येत नाही, ती मांडीवर टापा वाजवायला लागते. सगळी खोलीच वाजवते! पन्नास वर्षांपूर्वीची कसलीशी मालिका, सगळं पुसलं गेलं आणि तेवढं राहिलं. मला कधी कधी रागच येतो. ह्या घोडेवाल्याला जागा आहे डोक्यात, आणि मला नाही?

नाही, रडत नाहीये. वारा आहे. — मार्चमध्ये कोरोनापायी बंद केलं ना सगळं, त्या दिवशी मी इथंच होते. दुपारी निघताना नेहमीसारखं म्हटलं, 'येते हं'. आपण जाते म्हणतो का कधी? आईनं शिकवलेलं, जिभेला वळणच ते. संध्याकाळी फोन, उद्यापासून भेटी बंद. आणि इकडे हे कोट घालून बसलेले. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, कोट काढू देईनात. येते म्हणालीये ती, म्हणे. अगं, जेवले की नाही ते आठवत नाही त्या माणसाला, आणि माझं 'येते' तेवढं लक्षात राहावं? जाते म्हणाले असते तर सुटले असते बिचारे.

मग खिडकीतून भेटायची सोय केली त्यांनी. आपण बाहेर गवतावर, ते आत काचेमागे. एप्रिलमध्ये ऊन काय पडलं होतं, आठवतंय ना — म्हणून मी सायकलच्या खोपटातून ही टोपी काढली, आमच्या मुलाची, अंबरीशची, शाळेत कार्निव्हलला घेतलेली. मास्क कुठं मिळत होते तेव्हा? लाल चौकड्यांचा रुमाल बांधला नाकावर. आणि गेले खिडकीशी. ह्यांनी मला पाहिलं मात्र — उठून उभे राहिले गं! ताठ! आणि दोन बोटं कपाळाला. संध्यानं वरची झडप किलकिली केली, तर आतून आवाज, 'दामोदरपंत, बरं झालं आलात. माझी बायको हरवलीय. येते म्हणाली होती. शोधून आणा.'

काय करणार होतीस तू? मी रुमाल खाली ओढला, म्हटलं, अहो, मीच ती, मी वृंदा. तर केवढे संतापले! 'पंत, असल्या बाबतीत चेष्टा करू नये.' वर्णन सांगितलं मला — लांबसडक शेपटा, नाकात चमकी, थंडीनं कुडकुडत असेल, तिला इथलं काही कळत नाही. म्हणजे विमानतळावर उतरलेली मी. ही नाही — ही पांढरे केस कापलेली कुणीतरी. मी रुमाल परत वर ओढला. टोपीला बोटं लावली आणि चालू लागले. वळून नाही बघितलं. बघवलंच नसतं.

तेव्हापासून रोज येते. रोज तेच. आणि — हे मी अंबरीशलासुद्धा सांगितलं नाहीये — मला ते आवडायला लागलं. पंतांशी बोलतात गं ते! एकदा म्हणाले, 'पंत, पहिल्या हिवाळ्यात मी परतीचं तिकीट काढून ठेवलं होतं, पळून जाणार होतो. ती आली म्हणून टिकलो. तिला सांगायचं राहूनच गेलं.' सत्तेचाळीस वर्षं, प्रांजली! भाजीत मीठ कमी आहे हे न चुकता सांगितलं, आणि हे राहून गेलं. बायको म्हणून जे कधी ऐकलं नाही, ते ही कसर लागलेली टोपी घालून ऐकलं मी. चोरून ऐकल्यासारखं वाटतं. तरी येतेच.

आणि आता उघडताहेत. आजपासून, एका पेशंटला एकच ठरलेलं माणूस. अंबरीश म्हणाला, आई, तूच जा. त्या दाराशी बोलावणार आहेत मला आता, म्हणून तर बसलेय इथं कधीची. आनंद? व्हायला हवा ना? मला भीती वाटतेय. आत टोपी घालून गेले तर पंत रिकाम्या हातानं आले असं होईल. टोपी काढून गेले तर कोण ही म्हातारी? हाकलून दिलं तर? मग बायको म्हणूनही गेले आणि पंत म्हणूनही गेले. काचेबाहेर निदान कुणीतरी होते मी त्यांची.

तुझं काय गं, बाबा ठाण्यात एकटे? विमानं कधी सुरू होणार, देव जाणे. रोज फोन करतेस ना? कर. काय बोलायचं सुचलं नाही तरी कर.

बघ, संध्या हात करतेय. थांब — जाऊ नकोस. एक काम करशील माझं? पाचच मिनिटं. तुझा तो स्कार्फ नाकावर बांध. ही टोपी बाकावर ठेवते, मी मागे सरले की उचल. येईल तुला, मोठी आहे. मी आत गेले की त्या खिडकीशी जाऊन उभी राहा. ते माझ्याकडे बघणार नाहीत आधी, तुझ्याकडेच बघतील. तेव्हा बोट कर माझ्याकडे. एकदाच. पंतांनी आणून दिली म्हटल्यावर केस पांढरे का, असं नाही विचारणार ते. पंतांचं ऐकतात. मग टोपीला दोन बोटं लाव आणि निघ. नाही, नाही, ते मला ओळखतात की नाही ते बघायला थांबायचं नाही. कधीच थांबत नसत ते. टोपी राहू दे तुझ्याकडेच.

आणि हे बघ, निघताना सवयीनं 'येते' म्हणशील. म्हणू नकोस. काहीच बोलू नकोस. जा.