बांबूचं चिलखत

मुरबाडच्या स्टँडवर टोकावड्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या मेघनाच्या कानावर मागच्या बाकावरचं बोलणं पडलं. गणवेशातली मुलगी आणि तिचा बाप, मध्ये बांबूच्या कामट्यांचं चंदेरी चिलखत नि तसाच टोप.

"वेशभूषेत पैला नंबर आला, तरी रडतेस गो?"

"रडत नाय, बा. संताप आलाय. हे अंतराळवीराचं चिलखत ना?"

"मंग? काखेत घासतं म्हणून मीच कामट्या पुन्हा तासल्या."

"वाकता यावं म्हणून मी पोटावरच्या पट्ट्या सरकत्या केल्या. आन् बक्षीस दिलं आदिवासी वेशभूषेचं!"

"आपल्यात कोण घालतं असलं?"

"तेच मी बोलले. परीक्षक बाई हसल्या, म्हणाल्या, बांबूचं आहे ना बेटा."

"पन तू नाव विज्ञानाच्या गटात दिलेलं."

"टोप डोक्यावर होता तोवर विज्ञानाच्याच रांगेत होते. टोप काढायला लावला, गाव विचारलं, नि हात धरून पलीकडं नेलं."

"आता जिल्ह्याला?"

"त्याच गटातून जा म्हणतात."

"मंग नको जायला."

"का नको? जानार, नि विज्ञानाच्या रांगेत उभी रानार. तू फक्त टोपाला आतून कडी बसव. मी काढल्याबिगर निघाला नाय पायजे."