दुसऱ्या रिळासह

सन्माननीय अध्यक्ष शेषेरावकाका, प्रमुख पाहुणे आणि कोचिंग क्लासचे संचालक दयानंद सर, व्यासपीठावरील मान्यवर आणि लातूरच्या आपल्या चित्रपट मंडळाच्या बंधू-भगिनींनो,

हा पडदा मी शिवला. अॅम्प्लिफायर मी जुळवला. प्रोजेक्टरचं मागचं चाक शिलाई मशीनच्या पट्ट्यावर मी फिरवलं. पत्रिकेत पडदा सोळा फुटी छापलाय. तो बारा फुटी आहे. माझं शिक्षण सातवी, तेवढं बरोबर छापलंय.

आज मंडळाचा शेवटचा खेळ. उद्यापासून या सभागृहात क्लास भरणार, म्हणून माझा सत्कार. आभारी आहे. पण निवेदकांनी आजच्या इंग्रजी सिनेमाला आत्ताच ‘बेताचा विनोदी’ म्हटलं. मंडळी, तुम्ही तो पाहिलाय कुठे?

विलायतेतलं एक खेडं. पाद्री आणि शवपेट्या करणारा सुतार, दोघांत मिळून एकच सायकल. कुणी हसत नाही, म्हणून आपण हसतो. रिळं तीन. हैदराबादच्या गुजरीत मला ती भंगारात मिळाली.

भूकंपाच्या साली, डिसेंबरात, घरं पडलेल्यांच्या पत्र्याच्या शेडपुढं मी हा सिनेमा लावला. काका म्हणाले, “ताहेरभाई, मधल्या रिळात पेटी हाय. इथं घराघरात मयत झालीय. ते नका लावू.” मला पटलं, दुसरं रीळ गाळलं. पण भांडणाचं मूळच त्या रिळात. तिसरं लागलं आणि कुणाला काही उमगेना. घरची तिघं गमावलेल्या शांतम्मा म्हणाल्या, “अगा, हे दोघं का भांडायलेत?”

मी सांगितलं: पेटी सायकलला बांधली, उतारावर सुटली, आत पाद्री बसलेला, आणि ब्रेक सुताराच्या हातात राहिला. शांतम्मा पदर तोंडाला लावून हसल्या, बराच वेळ. मग म्हणाल्या, “अन् हेच लपवून ठेवलंस? आमी हसायचंच न्हाई का?”

यावर मंडळानं काय केलं? दुसरं रीळ वगळण्याचा ठराव. अकरा वर्षं, प्रत्येक खेळाला! आणि वर सिनेमालाच बेताचा म्हणायचं?

आत्ताही काकांची चिठ्ठी आलीय: उद्या पोरांची टेस्ट आहे, दुसरं गाळा. काका, वडीलकीचा मान ठेवून सांगतो, आज तिन्ही लागतील. एकतीस मिनिटं जास्त. ज्यांना घाई आहे त्यांनी आत्ताच उठावं, मध्ये उठून पडद्यावर सावली पाडू नये.

आपण ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात कुणाला लागलं असेल तर पदरात घ्यावं.

आणि दयानंद सर, तिसऱ्या रिळातली, चढावर सायकल ढकलतानाची तीन मिनिटं क्लासच्या जाहिरातीसाठी कापून द्या म्हणालात, खाली ‘जिद्द’ लिहायला. मी नाही म्हणालो, हे सभेला माहीत असावं. तुम्ही देत होता सव्वा लाख.