सेकंडात अडकलेला जवाई

…आता तुम्हीच सांगा, माणसानं बायको आणाले मोटारसायकलवर जावं अन् त्याले खाली उतरताच येऊ नये, हे कुठं आयकलं काय तुम्ही? मी बी आयकलं नव्हतं, मी भोगलं. हासून घ्या. नेरच्या अब्दुल गनीनं मले आधीच सांगतलं होतं. गनी मंजे आपला मेस्तरी, पिठाच्या चक्कीपासून मोटारीपर्यंत सारं सुधरवते. मिलिटरीच्या लिलावातली जुनी मोटारसायकल त्यानंच मले आणून देल्ली. मनते, "हरिसिंगभाऊ, गाडी शेर है, बस गेर जरा सख्त है. प्यारसे मत डालना, लात मारना." मी मनलं, ठीक. पण तुम्हाले सांगतो, पयल्यातून दुसऱ्यात टाकाचा तं असा खट्टाक आवाज ये का रस्त्यावरचे कुत्रे उठून बसत, अन् माही मान मांगं जाऊन पुढं ये. अन् मंदात तो न्यूट्रल राह्यते मनते ना… तो मले तं कधी दिसला नाई बाप्पा. गनीच्या बोलण्यातच असन.

मंग घेतली काहून? रुपीसाठी. माही बायको. भावाच्या लग्नाले मायरी गेली ते गेलीच. भांडण? काईच नाई. ती यायले तयार, सासरा धाडाले तयार. पण आमच्या बंजाऱ्यात लेक सासरी निंघाली का तांड्यातल्या एकेका बाईच्या गळ्यात पडून सुरात रडते, ढावलो मनते त्याले, अन् कडवं पुरं झाल्याबिगर गळा सोडत नाई. चांगली रीत हाये. माह्या बहिणीच्या वक्ती मी सोता रडलो. पण माही सासू हंसाबाई… साऱ्या बाया रडून घरी जात, भाकरी थापत, जेवत, तरी हिचं कडवं सरे नाई. अन् दिवस बुडाला का डोळे पुसून मने, "आता दिवाबत्तीच्या वक्ती लेक घराबाहेर काढू काय?" असा मी दोनदा बैलगाडी घेऊन गेलतो अन् दोनदा रिकामा आलो. मंग त्यायच्या तांड्याच्या नायकानं सांगून धाडलं, "जवाई, लोक बोलून राह्यले. आता रिकामे गेले तं पंच बसवतो, नातं मोडतो." बसा. इथं मले घर खायले उठे. भाकर जळे ते सोडा, पण सांजीले वावरातून आलं का "आले काय?" मनणारं कोणी नाई. भल्लं वाईट राह्यते ते.

मनून मोटारसायकल. अन् मी हुशार ना, नेरचा बाजाराचा दिवस पाहून निंघालो. माणसं बाजारात, गर्दी कमी, लवकर सुटू. त्यायचा तांडा टेकडीवर. चढावर मी सेकंड टाकला, लात मारून, खट्टाक… गेला आत. वरून क्लचचा तार तटकन तुटला. पयल्यात टाकून पाह्यलं, हिसका देऊन पाह्यलं, आमच्या संताचं, सेवाभायाचं नाव घेऊन पाह्यलं. गेर काई निंघेना.

आता थांबाव तं इंजन बंद पडे. बंद पडलं तं सेकंडात किक बसे नाई. ढकलाले चार गडी पायजेत, अन् गडी सारे बाजारात. कोणी पाह्यला होता बाजाराचा दिवस? मीच. मंग काय करतो? तांड्याले चक्कर मारली. रुपी गाठोडं घेऊन दारातच उभी, सासू बाजूले, बाया जमेल. मी जाता जाता वरडलो, "रुपे, बस मांगं, गेर अडकला!" तोपर्यंत गेलो पुढं. दुसरी चक्कर आली तं तिकडं रडणं सुरू.

तांड्याच्या तोंडाशी लिंबाखाली धावजी बसेल. भल्ला म्हातारा, त्याले बाजारात कोण नेते? तो मनते, "राम राम, जवाई. केव्हा आलते?" मी मनलं, "आत्ताच, बाबा." पुढच्या चकरेले, "चालले काय?" मी मनलं, "नाई, बाबा." त्याच्या पुढच्या चकरेले, "मंग आलते कायले?" आता सांगा, चालत्या गाडीवरून म्हाताऱ्याले गेर कसा समजावाव? मंदात देऊळ, त्याच्या भवताल मी. पाचव्या-सहाव्या चकरेले त्यानं माह्याइकडं पाहून हातच जोडले. मनते, "नवस कडक बोलले, जवाई." गेर काई निंघेना.

अन् तिकडं सासू सुरात. आमच्या बोलीत, पण तुम्हाले समजावं मनून सांगतो… "माह्या लेकीले नेणारा वंऽऽ, सासूपुढं उतरतबी नाई वंऽऽ." अन् रुपी तिच्या गळ्यात, तीबी सुरातच, "त्याचा तार तुटला याडी वंऽऽ, त्याले शिव्या नोको देऊ वंऽऽ." याडी मंजे माय. एवढ्या तालात आजवर माही बाजू कोणी घेतली नव्हती. मले भरून आलं, खोटं नाई सांगत. पण दिवस टेकडीमांगं उतरून राह्यला, टाकीतलं पेट्रोल सरून राह्यलं, अन् मी घाण्याच्या बैलावानी फिरून राह्यलो. प्रत्येक चकरेले इचारो, "आता?" तं रुपी रडता रडता बोट दाखवे, काकी राह्यली, आत्या राह्यली. शेवटी राह्यली एकटी सासू. अन् तिचं कडवं तुम्हाले माहीतच हाये.

मी मनलं, रुपे, ही आखरीची चक्कर, पुढं पंच अन् आपण. रुपीनं गाठोडं माह्या मांडीवर फेकलं अन् धावली, सासू गळ्यात तशीच. सोडन कशी? कडवं अर्ध्यावर. रुपीनं मारली उडी मांगच्या सीटवर, अन् गळ्यासंगं सासूबी वर. गाडी दबली, वझं मले कळलं, पण समोर उतार… थांबाव कसं? गेर काई निंघेना. धावजी मांगून वरडला, "दोघी नेता काय?"

आमचा तांडा येईपर्यंत मांगं कडवं चालू. माह्या घरासमोर कडब्याची गंजी, तिच्यात घुसलो तवा गाडी थांबली. कडब्यातून आवाज आला, "…सुखी राह्य वंऽऽ." सरलं कडवं. रुपीनं गळा सोडला, डोळे पुसले, घरात गेली अन् आतून मनते, "आले काय?" तुम्हाले सांगतो, मी तिथीच कडब्यात बसलो अन् रडलो.

सासू पदर झटकत उठली. मी मनलं, "याडी, सकाळी बैलगाडी जुपतो." तं मनते, "मोटारसायकलवर आणलं, मोटारसायकलवरच पोचवा. आता बैलगाडीत गेलो तं बाया काय मनतीन?" गनीकडं गेलो. गनी मनते, "पार्ट नागपूर से आयेगा." तवापासून थो पार्ट येऊनच राह्यला. रुपी आता मायरी जातो मनून नावबी काढत नाई. कायले काढन? मायर ओसरीत बसेल हाये, माह्या खाटेवर.

मंग परवा सासरा आला बैलगाडी घेऊन. मले हायसं वाटलं, मनलं, नेते आता. सासरा फुलचंद भला माणूस. त्यानं गाडीतून उतरून मोटारसायकल पाह्यली, गेरले पाय लावून पाह्यला, हळूच इचारलं, "निंघत नाई ना?" मी मनलं, "नाई." मनते, "मंग राहू द्या, जवाई. घाई कायची?" अन् बैल फिरवले. रिकामी गाडी घेऊन माणूस असा गात जाते काय हो? मी दोनदा रिकामा गेलतो, मले तं एकबी गाणं सुचलं नव्हतं.