उरलेली अर्धी वाटी

लॅबमध्ये तपासणीसाठी रक्त देऊन कोपरात कापूस दाबून बसलेल्या शिंपीणकाकूंचे कान शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे लागले होते. साखरेचे रिपोर्ट आजीबाईंच्या हातात होते.

“अहो, तुमची साखर आहे तिथंच आहे. माझी मात्र उतरली!”

“बरं झालं की.”

“कसलं बरं? सोयाच्या दुधाचं दही मी तुमच्यासाठी विरजत होते.”

“खात होतो ना मी.”

“अर्धी वाटी! रोज नाक मुरडून उरवायचात. वाया जायला नको म्हणून तुमचं उष्टं मी संपवायची. आवडत नव्हतं तर सांगायचंत तरी.”

“आवडतं की मला.”

“मग उरवत कशाला होतात?”

“स्वतःसाठी म्हणून तू कधी काही विरजलं असतंस?”

शिंपीणकाकूंनी कापूस काढून पाहिला. रक्त केव्हाच थांबलं होतं. तरी त्या तशाच बसून राहिल्या.

“चला, उठा. उद्यापासून दोन वाट्या लावते.”