पहिलं घोडं

पंतप्रधान (रुपाली): ...म्हणून, अध्यक्ष महोदय, हवामान बदलतंय, पाऊस बेभरवशाचा झालाय. माझ्या सरकारनं आजच आदेश काढलाय. प्रत्येक सरकारी छपरावर सौरऊर्जा. डिझेलची नवी सरकारी गाडी घ्यायची नाही.

विरोधी पक्षनेत्या (गिताबाई): कुणाला इचारलं?

पंतप्रधान: आज्जी, आधी ‘अध्यक्ष महोदय’ म्हणायचं.

विरोधी पक्षनेत्या: ह्यांला? उभ्या जल्मात न्हाई म्हणले!

अध्यक्ष (हरिबा): म्हणा की. नातीच्या कालेजात उद्या लोकसभेचा खेळ हाय.

पंतप्रधान: आबा, खेळ नाही तो. उत्तर अडलं तर सर माझ्या जागी वर्गातल्या भारतला उभं करणार. तो आत्तापासूनच मला हसतोय.

विरोधी पक्षनेत्या: मंग सांग. कुणाला इचारलं?

पंतप्रधान: कायद्याला लोकसभा लागते. आपल्याच सरकारला हुकूम द्यायला मंत्रिमंडळ पुरतं. वेळ कमी होता आणि...

विरोधी पक्षनेत्या: येळ कमी हुता! हेच म्हणले हुते हे.

अध्यक्ष: विषयावर बोला.

गिताबाई: विषयच हाय. बहात्तर साल. कासुर्डीच्या माळावर मेंढरांचा तळ, हे कारभारी. दरसाली दिवाळी झाली की कोकणात उतरायचो. त्या साली दसऱ्याआधीच ह्यांचा हुकूम, बिऱ्हाडं उचला. मला नववा लागलेला. मला इचारलं?

रुपाली: हे मला कुणीच सांगितलं नाही.

हरिबा: आभाळ कोरडं पडलं हुतं, पोरी. बैठका घेत बसलो असतो तर म्हयना बोलण्यातच गेला असता.

रुपाली: मग लोकांनी ऐकलं कसं?

हरिबा: कुठं ऐकत्यात! तळावरचा एक गडी, पोपट, म्हणला, तुझ्या बापाचा माळ हाय का? मी उठलो. पयलं घोडं माझंच लादलं.

गिताबाई: आन् वर मला बशिवलं. आवघडल्याली बाई निघाली म्हणल्यावर बाकीच्या कुठल्या तोंडानं थांबत्यात? समद्या वाटंनं शिव्या घातल्या ह्यांला.

हरिबा: आजून दोन-चार शिल्लक हायत.

रुपाली: आणि बाबा?

गिताबाई: संपत घाट उतारल्यावर झाला. खाली पाणी हुतं, चारा हुता, मला दूध आलं. तळावरच्याच धुरपदाच्या घरच्यांनी ऐकलं न्हाई, मागं ऱ्हायले. तिची मेंढरं गेली. पोरगं बी गेलं.

रुपाली: ...आबा. काठी आपटा.

अध्यक्ष: (काठी आपटून) शांत ऱ्हावा!

पंतप्रधान: अध्यक्ष महोदय, सभागृहाला विचारलं नाही, हे खरं आहे. माझ्या बंगल्यातले एसी आज सकाळी काढले. माझ्या ताफ्यातल्या गाड्या निम्म्या केल्या. आता सभागृहानं काय विचारायचं ते मला विचारावं. मी उभी आहे.

अध्यक्ष: विरोधी पक्ष?

विरोधी पक्षनेत्या: अध्यक्ष महोदय...

अध्यक्ष: आं! म्हणली!

विरोधी पक्षनेत्या: माझा संपत तुमच्यामुळं जगला. शिव्या मातुर मी माघारी घ्यायची न्हाई.