तुमची भाकर

सोलापूरच्या स्टँडवर मंगळवेढ्याच्या गाडीची वाट बघत होतो. माझ्या मागच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. तो बायकोला माहेराहून न्यायला आलेला.

"आता तरी बोल की."

"भांडण झालं त्याचं काय न्हाय वो. तुमी न बोलताच मेंढरं घिऊन गेला."

"राग आला हुता."

"यिऊ द्या की. पर दारातनं 'येतो' म्हणाला न्हाईत."

"येणारच हुतो की."

"मला काय ठावं? रोज तुमची भाकर थापली अन् सकाळी कुत्र्याला घातली."

तो उठला.

"कुटं निगाला?"

"पाणी आणाय."

पावलं वाजली, थांबली.

"येतो."

"या."