एकोणिसाव्या पानावरचा माणूस

आजच्या सत्कार सभेचे अध्यक्ष आणि एकेकाळी ज्यांच्यापुढे मी खटले लढवले ते निवृत्त न्यायाधीश महोदय, माझ्याबद्दल एवढं गोड बोलून मला अडचणीत टाकणारे संपादक महाशय, वकील संघाच्या सचिव मॅडम, समोर बसलेले माझे सहकारी, आयुष्यभर माझ्याविरुद्ध उभे राहिलेले सरकारी वकील, कारकून, टंकलेखक, शिपाई मंडळी आणि माझी ताई, सर्वांना मनापासून नमस्कार.

संपादक महाशय आत्ता म्हणाले की ब्लॉग लिहिणं हे बिनखर्चाचं काम. कागद नको, छपाई नको. त्यांचा मान राखून थोडी दुरुस्ती करतो. माझ्या एका लेखाला नेमकं काय लागलं ते सांगतो. सोळाशे शब्द, तीन रविवार, चहाची एक किटली आणि एक माणूस. बाकीचं भरून निघालं.

त्या माणसाकडे येतोच. अध्यक्षांनी मघाशी मला कानात सांगितलंय, ‘थोडक्यात आटपा.’ पूर्वीही ते हेच सांगायचे आणि पूर्वीही मी ऐकायचो नाही.

तरुण मंडळींना कदाचित ठाऊक नसेल, मी या न्यायालयात पहिल्यांदा आलो तो काळा कोट घालून नव्हे. खाकी सदरा घालून आलो. चार वर्षं मी इथली लिफ्ट चालवली. अध्यक्ष महोदय तेव्हा नवे वकील होते. आत शिरायचे आणि म्हणायचे, ‘काय रे लिफ्ट, तिसरा!’ माझं नावच ‘लिफ्ट’ पडलं. तळमजला ते तिसरा मजला, बावीस सेकंद. त्या बावीस सेकंदांत मोठमोठे वकील आपल्या अशिलांबद्दल जे बोलायचे, ते ऐकून माझं कायद्याचं शिक्षण झालं. लिफ्टवाल्याला कान असतात हे कुणाच्या ध्यानातच यायचं नाही. कोण खरंच गुन्हेगार, कोणाची बायको माहेरी गेली, कोण रडतो, सगळं. रात्रशाळेत पुस्तकं वाचली, पण माणसं कशी बोलतात ते मी लिफ्टमध्ये शिकलो. आणि तिथेच ठरवलं होतं की आपण वकील झालो तर अशिलाबद्दल लिफ्टमध्ये अवाक्षर काढायचं नाही. ते मी पाळलं. सव्वीस वर्षं फौजदारी वकिली केली, लिफ्टमध्ये एक शब्द बोललो नाही.

या धंद्यातली एक गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, पण आपण ती समारंभात बोलत नाही. ज्याला शिक्षा होते तो वकिलाला विसरत नाही. तुरुंगातून पत्रं पाठवतो, शिव्या घालतो, सणसणीत शुद्धलेखनाच्या चुकांसह. पण जो निर्दोष सुटतो तो? तो रस्त्यात दिसला की पलीकडच्या बाजूला जातो. त्याचं काय चुकलं? माझं तोंड पाहिलं की त्याला ती कोठडी आठवते. एकदा एका लग्नात माझ्या शेजारी जेवायला बसलेल्या गृहस्थांनी मला विचारलं, ‘आपण काय करता?’ सात महिने मी त्यांची बाजू लढलो होतो! मी म्हटलं, ‘विम्याचं काम करतो.’ गृहस्थांचा जीव भांड्यात पडला. मीही मन लावून जेवलो. दुसरं काय करणार?

म्हणून वकिली सोडली तेव्हा माझ्याकडे जिंकलेले खटले पुष्कळ होते, येऊन बसणारं कुणी नव्हतं. मग पुतण्यानं ब्लॉग काढून दिला. निकालांचा अर्थ साध्या भाषेत सांगू लागलो, वाहिन्यांवरून बोलावणी येऊ लागली. आज महिन्याला अडीच लाख लोक मला वाचतात. हा आकडा मी नम्रपणे सांगायचा प्रयत्न करतो, पण जमत नाही.

येऊन बसणारं कुणी नव्हतं म्हणालो, ते पूर्ण खरं नाही. एक होता. सुटलेल्यांपैकी एकटाच. भागीदाराला जिन्यावरून ढकलून मारल्याचा आरोप, दोन वर्षं कच्चा कैदी, मग निर्दोष. तो पलीकडच्या बाजूला गेला नाही. दर गुरुवारी त्याची सुट्टी असायची. चार वाजता यायचा, खुर्ची स्वतः ओढून घ्यायचा, माझं वर्तमानपत्र माझ्याआधी वाचायचा आणि माझ्या लेखांना नावं ठेवायचा. अकरा वर्षं. त्याची बोलायची एक लकब होती. प्रत्येक चौथ्या वाक्याला यायची. साक्षीच्या पिंजऱ्यातही आली होती आणि सरकारी वकिलांना हसू आवरलं नव्हतं. ते समोर बसलेत, त्यांना आठवत असेल. कृपा करून शेजाऱ्याला सांगू नका.

तीन वर्षांपूर्वी मी लेख लिहिला. निर्दोष सुटलेल्या माणसाचं पुढे काय होतं, यावर. नाव बदललं, धंदा बदलला, गाव बदललं, भागीदाराच्या जागी मेहुणा घातला. ताईला वाचून दाखवला.

ताई म्हणाली, ‘छान झालाय. त्याला विचारलंस का?’

म्हटलं, ‘अगं, नाव बदललंय.’

‘मी विचारलं काय, तू सांगतोस काय!’

अध्यक्ष महोदय, सव्वीस वर्षांत इतकी नेमकी उलटतपासणी माझी कुणी घेतली नव्हती. मी हसून विषय बदलला.

सगळं बदललं होतं, त्याची ती लकब तेवढी ठेवली होती. कारण ती सुंदर होती. ती काढली असती तर लेखातला जीव गेला असता. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

त्याच्या कामाच्या ठिकाणी एका गिऱ्हाइकानं फोनवर उघडून लेख मोठ्यानं वाचला आणि म्हणाला, ‘अहो, हा तर हुबेहूब तुमच्यासारखा बोलतो!’ सगळे हसले. तोही हसला असणार. पण त्याची मुलगी तिथे डबा घेऊन आली होती. ती हसली नाही. तिला लहानपणी सांगितलं होतं की बाबा दोन वर्षं बोटीवर नोकरीला होते. ती मला नंतर एकदाच भेटली. म्हणाली, ‘काका, त्यांनी कुणाला ढकललं नाही, हे मला पटतंय. पण बोटीच्या गोष्टी मी शाळेत सगळ्यांना सांगत होते हो.’ आता ती बापाशी कामापुरतं बोलते.

हे कळलं त्याच दिवशी लेख ब्लॉगवरून काढून टाकला. त्या दिवसापासून गुरुवारचे चार वाजतात आणि मी वर्तमानपत्र पहिल्यांदा स्वतःच वाचतो.

आज हे बोलायचं ठरवलं तेव्हा, तीन वर्षं उशिरा का होईना, ताईचं ऐकलं. त्याला पत्र लिहून विचारलं, सोबत आजचं निमंत्रणही ठेवलं. उत्तर आलं, एका ओळीचं. बोलायला परवानगी होती. अट एकच, त्याचे शब्द वापरायचे नाहीत. म्हणून आज त्याच्याबद्दल मी माझ्याच शब्दांत बोललो. ते फारसे चांगले नाहीत हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

आता अडचण अशी की तासाभरापूर्वी मी सभागृहात आलो आणि तुमच्या हातातला गौरव अंक चाळला. समितीनं अत्यंत प्रेमानं, कुणीतरी जपून ठेवलेल्या प्रतीवरून, तोच लेख छापला आहे. माझा सर्वोत्कृष्ट लेख म्हणून. पान एकोणीस. समितीचा काही दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बघा, पानांची सळसळ ऐकू येतेय. मला ठाऊक होतं, वकिलांना पान सांगितलं की ते आधी तेच उघडणार! माझे कान अजून शाबूत आहेत. मंडळी, मी आयुष्यात न्यायालयाकडे पुष्कळ विनंत्या केल्या, बऱ्याच फेटाळल्या गेल्या. ही एक मान्य करा. अंक मिटा. जाताना दाराशी ठेवलेल्या खोक्यात टाका. माझं कौतुक त्यात असलं तरी टाका.

वकील संघाचे, मानपत्र लिहिणाऱ्या मॅडमचे, ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्यांचे आणि एवढा वेळ घड्याळाकडे न पाहिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार मानतो. बोलण्याच्या ओघात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. लिहिण्यात झालं त्याची माफी तुमच्याकडे मागून उपयोग नाही.

आणि जाता जाता एक सूचना. समितीनं माझ्या जवळच्या माणसांसाठी पहिल्या रांगेत सहा खुर्च्या राखून ठेवल्या आहेत. एकीवर ताई बसली आहे. मागे बरीच मंडळी उभी दिसतात, त्यांनी संकोच न करता पुढे यावं. पाच रिकाम्या आहेत.